कालपरवाचं कशाला खणायचं?

खापरखुणा (धागाकर्ती)

शिकाऊ म्हणून पहिल्यांदा उत्खननावर गेले तेव्हा माझ्याकडे काम आलं ते वरची माती काढण्याचं. फावड्याने, भराभर. त्या दीड-दोन फुटांत काचा होत्या, बटणं होती, चिनीमातीच्या कपांचे तुटलेले कान होते, गंजलेले खिळे होते, काच गेलेला एक कंदीलही होता. सगळं घमेल्यात भरून ढिगावर टाकायचं. "हे अलीकडचं आहे, नोंद नको," अशी सूचना होती. खालचे थर लागल्यावर मात्र खुरपी, ब्रश, चाळणी आणि इंचाइंचाची नोंद सुरू झाली.

तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आज ते आठवलं की वाईट वाटतं. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे राहिलेल्या माणसांचा संसार आम्ही ढिगावर फेकला, आणि तो आता कुणालाही परत मिळणार नाही. ग्रंथालयातलं पुस्तक पुन्हा उघडता येतं, उचललेला थर पुन्हा घालता येत नाही.

पुरातत्त्व म्हणजे फार जुनं, ही समजूत नियमांतही मुरलेली आहे. पाण्याखालच्या वारशासाठी युनेस्कोचा २००१ चा करार आहे. त्यात किमान १०० वर्षं पाण्याखाली असलेल्या गोष्टीच धरल्या जातात. टायटॅनिक १९१२ साली बुडालं, म्हणजे २०१२ उजाडेपर्यंत ते त्या व्याख्येत बसत नव्हतं. बोट तीच, तळ तोच, फक्त कॅलेंडर पुढे सरकलं. अवशेषांत उरलेला किरणोत्सारी कार्बन मोजून वय काढायची जी कार्बन पद्धत आहे, तिच्या तारखाही 'आजपासून इतकी वर्षं मागे' अशा सांगतात आणि त्यातला 'आज' म्हणजे १९५०. त्या हिशेबात माझा जन्मच झालेला नाही.

"कागद आहेत, फोटो आहेत, जिवंत माणसं आहेत, मग खणायचं कशाला?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. माझं उत्तर एका उदाहरणात आहे.

न्यूयॉर्कमध्ये फाइव्ह पॉइंट्स नावाची वस्ती होती. एकोणिसाव्या शतकातली, गरिबांची. आयरिश आणि जर्मन स्थलांतरित, कृष्णवर्णीय कुटुंबं. तिच्यावर लिहिलेल्या कागदांना तोटा नाही. चार्ल्स डिकन्स १८४२ साली तिथे फिरून आला आणि त्याने घाण, दारू, अनाचार असं भयाण वर्णन लिहून ठेवलं. वर्तमानपत्रांनी आणि सुधारकांनी तोच सूर धरला. पुढचं दीड शतक ही वस्ती म्हणजे गुन्हेगारांचा अड्डा, एवढीच तिची ओळख राहिली. १९९१ मध्ये तिथे न्यायालयाची इमारत बांधायची होती म्हणून आधी उत्खनन झालं. बुजवलेल्या विहिरी आणि शौचकूप उपसले गेले. आत काय होतं? नक्षीच्या कपबश्या. लहान मुलांचे पेले. शिवणकामाच्या सुया आणि टाचण्या. मातीचे चिलीमवजा पाइप. गरिबी आणि गर्दी खरीच होती, ती कुणी नाकारत नाही. पण त्या गर्दीत कुणीतरी कपबश्यांचा जोड जमवत होतं, पोरासाठी वेगळा पेला घेत होतं, दिवसभर शिवत बसत होतं. हे डिकन्सला दिसलं नाही, कारण तो रस्त्यावरून बघत होता. कपबश्या घरात होत्या.

या उत्खननात साडेआठ लाखांच्या आसपास वस्तू मिळाल्या. त्या जागतिक व्यापार केंद्राच्या संकुलातल्या एका इमारतीच्या तळघरात ठेवल्या होत्या. ११ सप्टेंबर २००१ रोजी त्या गाडल्या गेल्या. बाहेर प्रदर्शनासाठी दिलेल्या १८ वस्तू तेवढ्या वाचल्या. बाकीची वस्ती आता टिपणांत आणि फोटोंत आहे, कारण कुणीतरी 'हे अलीकडचं आहे' असं न म्हणता प्रत्येक तुकडा नोंदवला होता.

तुम्हाला काय वाटतं? विरोधी मतंही हवी आहेत.

---

शंकेखोर

लेख आवडला, मुद्दा पूर्ण पटला नाही. माणसं मोजकी, पैसा मोजका, वेळ तर त्याहून कमी. हजारो वर्षांपूर्वीच्या कितीतरी जागा रस्त्यांखाली आणि धरणांखाली चालल्या आहेत. त्या काळाबद्दल दुसरा काही पुरावाच नाही. अशा वेळी ज्या काळाचे जनगणनेचे तक्ते, फोटो, पत्रं हाताशी आहेत, त्या काळाची तुटकी बटणं मोजत बसणं ही मला चैन वाटते. फाइव्ह पॉइंट्समध्ये कपबश्या मिळाल्या, छान. पण गरीब माणसंही नीटनेटकी राहतात हे कळायला खणावं लागतं का?

---

नोंदवही

@शंकेखोर, खणावं लागतं, कारण माणूस स्वतःबद्दलसुद्धा बरोबर सांगत नाही. मी सर्वेक्षणाच्या क्षेत्रात काम करते. प्रश्नावल्या भरून घेणं हे माझं रोजचं काम, म्हणून हे जरा कळकळीने लिहिते.

१९७३ मध्ये अमेरिकेतल्या टूसॉन शहरात विल्यम रॅथजे या पुरातत्त्वज्ञाने घरोघरचा ताजा कचरा वेचायला सुरुवात केली. माया संस्कृतीचा अभ्यासक होता तो. अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे विद्यार्थी हातमोजे घालून पिशव्या उघडत आणि प्रत्येक वेष्टन, प्रत्येक उरलेला घास नोंदवत. त्याच भागातल्या लोकांना प्रश्नही विचारले होते. बिअर किती पिता, या प्रश्नाची उत्तरं आणि कचऱ्यातले डबे यांचा मेळ बसेना. डबे कितीतरी जास्त.

त्याहून मला हलवून गेलेली गोष्ट गोमांसाच्या टंचाईची. १९७३ मध्ये तिथे गोमांसाचा तुटवडा पडला होता. टंचाईत लोक जपून वापरतील असं आपण गृहीत धरतो. कचऱ्यात उलटंच निघालं, टंचाईच्या काळात जास्त मांस वाया गेलं होतं. मिळेल तेवढं, मिळेल ते आणून ठेवलं, आणि ते नासलं. कुठल्या प्रश्नावलीत कोण लिहील, "आम्ही घाबरून साठा केला आणि फेकून दिला"? ती माणसं खोटारडी नव्हती. त्यांना स्वतःलाच ते माहीत नव्हतं.

१९८७ पासून त्यांनी कचराभूमीच खणायला घेतल्या. आत कुजून माती झाली असेल अशी अपेक्षा होती, तर दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं आरामात वाचता येत होती. प्रत्येक थराची तारीख छापूनच मिळाली! फास्ट फूडची वेष्टनं, फोम आणि बाळांचे डायपर यांनीच कचराभूमी भरतात असं सगळे म्हणत होते. मोजल्यावर या तिन्हींचा वाटा किरकोळ निघाला आणि एकट्या कागदाचा ४० टक्क्यांच्या वर. कचऱ्याचं धोरण ठरवणाऱ्याला यातलं काय उपयोगी पडेल, कागदपत्रं की खड्डा?

---

वाटाड्या

+१. वाचतोय.

---

जुनाफिटर

मी काही पुरातत्त्ववाला नाही. तीस वर्षं एका कारखान्यात देखभाल विभागात होतो. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

कारखाना बंद पडला. यंत्रं उचलून नेली तेव्हा शेवटचे आम्ही चार-पाच जण हजर होतो. यंत्रं गेल्यावर जमीन पहिल्यांदा उघडी दिसली. प्रत्येक प्रेसच्या समोर पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली जागा होती, कामगाराने उभं राहायची. ती जागा बहुतेक ठिकाणी नवीन असल्यासारखी, रंगसुद्धा शाबूत. आणि तिच्या डावीकडे दीड हातावर काँक्रीटमध्ये दोन खळगे, बोटाच्या पेरभर खोल, तेलाने काळे पडलेले. दोन पावलांचे. तीन पाळ्यांतली माणसं वर्षानुवर्षं तिथेच उभी राहिली होती, कारण आखलेल्या जागेवरून हात पोचत नव्हता.

हात पोचत नव्हता म्हणून संरक्षक जाळी काढून ठेवलेली असायची. तपासणीच्या वहीत रोज 'जाळी बसवलेली आहे' अशी नोंद. सही सुद्धा कधीकधी माझीच असायची, हे सांगताना मान खाली जाते. दोघांची बोटं गेली. चौकशीत लिहिलं गेलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा, नेमलेल्या जागी उभा नव्हता.'

त्या खळग्यांकडे कुणी पाहिलं असतं तर कळलं असतं की नेमलेल्या जागी कुणीच कधी उभं नव्हतं.

---

खापरखुणा

@जुनाफिटर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही पुरातत्त्ववाले नाही असं म्हणू नका, यापेक्षा चांगलं निरीक्षण मी क्वचित वाचलंय. झिजलेल्या जागेवरून वापर ओळखणं हे आमच्या कामाचं मूळ आहे. दगडी हत्यारांच्या धारेवर आम्ही हेच शोधतो.

वही आणि जमीन यांतलं कुणाचं ऐकायचं, यावरून लिटल बिगहॉर्नची लढाई आठवली. २५ जून १८७६, मोंटाना. अमेरिकी सैन्यातल्या कस्टरच्या तुकडीचा लकोटा आणि शायान या मूलनिवासी जमातींच्या योद्ध्यांनी पाडाव केला. कस्टरसोबतचं कुणी वाचलं नाही, त्यामुळे चित्रं रंगली ती टेकडीवर कडं करून शेवटच्या गोळीपर्यंत लढणाऱ्या सैनिकांची. जिंकलेले लोक जिवंत होते आणि सांगतही होते की शेवटी फळी मोडली होती, पळापळ झाली होती. त्यांचं सांगणं जवळजवळ शंभर वर्षं बाजूला ठेवलं गेलं.

१९८३ मध्ये त्या माळावर वणवा लागला आणि गवत जळून जमीन मोकळी झाली. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी स्वयंसेवकांची रांग करून धातुशोधकांनी सगळं रान पिंजून काढलं. सापडेल तिथे झेंडी, मग मोजमाप, मग उचलायचं. बंदुकीतली आघात करणारी पिन काडतुसाच्या बुडावर जो ठसा उमटवते तो प्रत्येक बंदुकीचा वेगळा असतो, बोटाच्या ठशासारखा. त्यामुळे एकच बंदूक आधी या उंचवट्यावरून आणि नंतर त्या घळीतून झाडली गेली, हे सांगता आलं. सैनिकांकडे एकेरी गोळीच्या स्प्रिंगफील्ड, आणि समोरच्यांकडे इतर बंदुकांबरोबर हेन्री आणि विंचेस्टरसारख्या लागोपाठ झाडता येणाऱ्या. काडतुसांच्या मांडणीत शेवटपर्यंत टिकलेली शिस्तबद्ध फळी दिसेना. दिसलं ते योद्ध्यांच्या आठवणींशी जुळणारं होतं.

@शंकेखोर, तक्ते आणि पत्रं हाताशी असतात हे खरं. पण ती कुणाच्या हातची असतात?

---

काचवेचा

थोडं प्रत्यक्ष हाताळण्याबद्दल. 'अलीकडच्या वस्तूंत वाचण्यासारखं काय असतं' असं वाटणाऱ्यांनी एक जुनी बाटली उजेडात धरावी.

बाजूने वर जाणारी साच्याची शिवण दिसते ना, ती बोटाने चाचपत वर न्या. ओठाच्या खालीच ती विरली तर बाटलीचं तोंड हाताने घडवलेलं आहे. ओठावरून थेट वर गेली असेल तर ती यंत्रावर झालेली. १९०३ च्या सुमारास ओवेन्सचं यंत्र आलं, त्याच्या बाटल्यांच्या बुडावर वेडंवाकडं वर्तुळ असतं, काच कापल्याचा व्रण. काचेला फिकट जांभळी झाक असेल तर तिच्यात मँगनीज आहे आणि ती बरीच वर्षं उन्हात पडलेली आहे. मँगनीजची ती पद्धत पहिल्या महायुद्धाच्या आसपास मागे पडली.

पेयाच्या डब्यांचंही तसंच. उघडताना कडी सुटून हातात येते ते डबे साठच्या दशकाच्या सुरुवातीला आले, कडी डब्यालाच चिकटून राहते ते १९७५ पासून. वेष्टनावर बारकोड असेल तर ते १९७४ च्या आधीचं बहुधा नसतंच, कारण दुकानात पहिला बारकोड वाचला गेला तो २६ जून १९७४ ला. हजारो वर्षांपूर्वीच्या खापरावरून शतक सांगता आलं तरी आनंद होतो. इथे दशकाच्या आत येता येतं.

---

निरभ्र

@काचवेचा, भर घालतो. १६५० ते १९५० या काळासाठी कार्बन पद्धत फारशी कामाची नाही, एकाच मापाला अनेक तारखा लागू पडतात. त्यानंतरच्या काळाला मात्र अणुचाचण्यांनी खूण करून ठेवली. पन्नास-साठच्या दशकांत हवेतल्या स्फोटांनी वातावरणातला कार्बन-१४, म्हणजे तोच किरणोत्सारी कार्बन, जवळपास दुप्पट केला. अशा चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर तो उतरत गेला. त्या काळात वाढलेल्या प्रत्येक दातात, प्रत्येक झाडाच्या वलयात हे नोंदलं गेलंय. बेवारस सांगाड्याचा जन्म कधीचा हे दाताच्या कवचावरून सांगता येतं ते यामुळे.

---

पायवाट

सांगाड्यांचा विषय निघालाच आहे तर लिहिते. माझ्या दृष्टीने या सगळ्याचं सर्वांत मोठं मोल इथे आहे.

अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती. हजारो माणसं 'बेपत्ता' झाली. राजवट गेल्यावर कबरी उघडायला सुरुवात झाली ती बुलडोझरने. कवट्या फुटल्या, एकाची हाडं दुसऱ्यात मिसळली, गोळ्या मातीत हरवल्या. आपल्या मुलांना शोधणाऱ्या आयांच्या डोळ्यांदेखत पुरावा नष्ट होत होता. १९८४ मध्ये क्लाइड स्नो हा न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ तिथे गेला आणि त्याने विद्यार्थ्यांना हाताशी धरून खुरपी-ब्रशने, थराथराने खणायला शिकवलं. त्यातून जो गट उभा राहिला त्याने पुढे अनेक देशांत हे काम केलं. स्नोने १९८५ च्या लष्करशहांवरील खटल्यात साक्षही दिली.

स्पेनमध्ये २००० साली एमिलियो सिल्वा याने आपल्या आजोबांसाठी प्रियारांथा देल बिएर्थो गावात रस्त्याकडेची कबर उघडवली. १३ माणसं. १९३६ मध्ये, तिथल्या यादवी युद्धात मारून टाकलेली. आजोबांची ओळख डीएनए चाचणीने पटली. चौसष्ट वर्षं गावाला ती जागा ठाऊक होती, पण बोलत कुणी नव्हतं.

त्या वेळी कबरीच्या कडेला म्हाताऱ्या मुली उभ्या असतात. मुलीच म्हणते मी, कारण खाली बाप असतो, आणि तो त्यांच्यापेक्षा वयाने लहान असतो. हे उत्खनन आणखी शंभर वर्षं थांबवून चालेल का?

---

शंकेखोर

@पायवाट, याला माझ्याकडे उत्तर नाही. 'चैन' हा शब्द मी मागे घेतो.

एक शंका मात्र राहते, आणि ती तुमच्याच उदाहरणातून येते. जिवंत माणसं आहेत म्हणून हे मोलाचं, तसं जिवंत माणसं आहेत म्हणूनच नाजूकही. सगळ्यांनाच कबर उघडायला हवी असते का? आणि कचऱ्याच्या पिशव्या उघडणं, हे कुणाच्या घरात डोकावणंच नाही का?

---

पायवाट

सगळ्यांना नको असते. स्पेनच्या त्याच युद्धात मारल्या गेलेल्या कवी लोर्काच्या कुटुंबीयांनी बराच काळ विरोध केला होता. २००९ मध्ये त्याच्या कबरीचा शोध घेतला गेला तेव्हा तिथे काही मिळालंही नाही. एकाच खड्ड्यात चार घरांची माणसं असली तर कुणाचं ऐकायचं, याला सूत्र नाही. बोलावं लागतं, वेळ द्यावा लागतो.

न खणताही काम होतं. पोलंडमधली ट्रेब्लिंकाची मृत्युछावणी, जिथे ज्यूंना मारलं जायचं, ती नाझींनी १९४३ मध्ये पाडली, जमीन नांगरली आणि वर शेतघर बांधलं. तिथे आता काहीच उरलेलं नाही, असं मानलं जायचं, आणि ज्यूंचा संहार झालाच नाही म्हणणाऱ्यांनी त्याचा फायदा घेतला. ज्यू धर्मनियमांनुसार मृतांची शांतता मोडायची नाही. म्हणून कॅरोलाइन स्टर्डी कॉल्स यांनी २०१० पासून जमिनीत लहरी सोडणारं रडार आणि विजेच्या रोधाचं मोजमाप वापरून आधी जमिनीखालचे पाये आणि खड्डे शोधले. कबरींना हात न लावता.

---

नोंदवही

कचऱ्याबद्दल: नावपत्ते नोंदवायचे नाहीत, पत्रं वाचायची नाहीत, कुठल्या घराची पिशवी हे कागदावर येऊ द्यायचं नाही, हे नियम त्या प्रकल्पात होतेच. तरी तुमची शंका रास्त आहे. मला स्वतःला माझी पिशवी कुणी उघडलेली आवडणार नाही.

---

वाटाड्या

सरहद्दीवरच्या वस्तूंबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. जेसन दे लेऑन हा मानवशास्त्रज्ञ २००९ पासून अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, मेक्सिकोतून चोरून येणाऱ्या लोकांनी मागे टाकलेल्या पिशव्या, बूट, बाटल्या नोंदवू लागला. अनेकांच्या लेखी तो निव्वळ कचरा, साफ करून टाकायचा. पण पाण्याच्या बाटल्या पाहा. उन्हात पांढरी बाटली चमकते आणि गस्तीवाल्यांना दिसते, म्हणून लोक त्यांना काळं फासायचे. पुढे काळ्या प्लॅस्टिकच्याच बाटल्या तयार होऊ लागल्या. काळ्या बाटलीत पाणी लवकर तापतं. लपायचं की गार पाणी प्यायचं, यातून माणसाने काय निवडलं ते त्या बाटलीवर दिसतं. चोरून जाणारा माणूस कुठल्याच तक्त्यात नसतो.

---

निरभ्र

सर्वांत ताजं उदाहरण अंतराळातलं. २०२२ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात सहा ठिकाणी चिकटपट्टीने चौकोन आखले आणि अंतराळवीरांनी त्यांचे ६० दिवस रोज फोटो काढले. खड्डा न खणता उत्खनन! जस्टिन वॉल्श आणि अ‍ॅलिस गोर्मन यांचा हा प्रयोग. देखभालीसाठी नेमलेल्या जागेत देखभाल फारशी झालीच नव्हती, वस्तू अडकवून ठेवायलाच ती वापरली जात होती. दुसरीकडे व्यायामाची जागा आणि शौचालय यांच्याजवळच्या कोपऱ्यात लोकांनी आपल्या प्रसाधनाच्या पिशव्या ठेवल्या होत्या, कारण त्यांना जागाच कुणी नेमून दिली नव्हती.

@जुनाफिटर, तुमच्या पिवळ्या पट्ट्याच या. जिथे प्रत्येक मिनिटाची नोंद होते, तिथेसुद्धा.

---

शंकेखोर

शेवटचं विचारतो. मग ठेवायचं काय काय? सगळंच तर ठेवता येणार नाही.

---

खापरखुणा

नाही येणार, आणि ठेवूही नये. २००६ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या लोकांनी १९९१ ची एक फोर्ड ट्रान्झिट गाडी उत्खननाच्या शिस्तीने सुटी केली. प्रत्येक पत्रा, फटीत अडकलेला प्रत्येक कण नोंदवला. त्या गाडीला कुणी देव्हाऱ्यात बसवलं नाही, महत्त्व होतं ते नोंदीला. ढिगावर फेकलेल्या त्या कंदिलाचंही मला हेच सलतं. तो कपाटात हवा होता असं नाही. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी मिळाला, या दोन ओळी हव्या होत्या. तेवढ्यासाठी जुने थर उपाशी राहत नाहीत, कारण त्यांच्यापर्यंत पोचायला वरचा थर काढावाच लागतो.

---

जुनाफिटर

आमची ती शेड अजून उभी आहे. पुढच्या आठवड्यात पाडणार असं कळलं. आत जायची परवानगी मिळेल, पहारेकरी जुना ओळखीचा आहे. काय काय करू ते सांगा.

---

खापरखुणा

जरूर जा, पण रीतसर परवानगीने. आत गेल्यावर आधी काहीही हलवू नका. दारातून चारही कोपऱ्यांचे फोटो, मग प्रत्येक प्रेसच्या जागेचा वरून एक आणि बाजूने एक. प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण असू द्या. एका कागदावर शेडचा नकाशा काढा आणि फोटोचे क्रमांक त्यावरच टाका, घरी येऊन आठवून नको. पिवळ्या पट्टीपासून खळग्यापर्यंतचं अंतर प्रत्येक यंत्राला वेगळं मोजा. जाळी बसवायची भोकं अजून असतील तर त्यांच्या आट्यांत गंज आहे की तेल, ते बघा. स्क्रू रोज फिरत होता की वर्षानुवर्षं जाळी बसवलीच नव्हती, ते तिथे कळेल.

जुन्या सोबत्यांशी बोलणार असाल तर फोटो दाखवण्याआधी बोला. आधी फोटो पाहिला की माणूस फोटोतलंच सांगतो.

आणि टॉर्च न्या. खळगे वरून उजेड पडला की दिसत नाहीत. टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा.